पडलेलं घर कुणाचं, ते आधी विचारा

पडलेल्या घराचा फोटो ग्रुपवर आला की दोन आवाज लगेच उठतात. एक म्हणतो, "बघा, काय हाल केलेत." दुसरा म्हणतो, "सगळं बनावट आहे, हल्ली एआयनं काहीही करता येतं." बरीच वर्षं बघतोय, हे आवाज दोन वेगळ्या माणसांचे नसतात. माणूस एकच असतो. घर शत्रूचं आणि पाडणारा आपला असला की फोटो शंभर टक्के खरा, वर फटाक्यांची चिन्हं. पाडणाऱ्या आपल्या माणसावर ठपका येतोय असं दिसलं की तोच गडी क्षणात फोटोतज्ज्ञ होतो. सावली चुकलीय म्हणतो, धूर चुकलाय म्हणतो, रडणारी बाई नाटकातली आहे म्हणतो.

आज जरा लांब लिहितोय. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धं वाचून खाली भांडायला येऊ नका.

माझं म्हणणं साधं आहे. ढिगाऱ्याचा फोटो फक्त घर पडलं एवढंच सांगतो. कुठलं घर, कधी पडलं, कशानं पडलं, कुणी पाडलं, याची उत्तरं बहुतेक वेळा फोटोच्या बाहेरून आणावी लागतात. ती न आणता फोटो पुढे ढकलणारा आणि ती न आणता "फेक" म्हणून हात झटकणारा, दोघंही सारखेच आळशी. आणि दोघांच्या आळसाचा मार खातो तो, ज्याचं घर खरोखर पडलंय.

मी बांधकामाची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. घरं बांधतो तशी पाडतोही, त्यामुळे ढिगारा माझ्या रोजच्या बघण्यातला. जुना वाडा पाडायला घेतला की आधी चौकटी, दारं, खिडक्या, सागवानी तुळया निघतात, कारण त्यांचे पैसे येतात. मग कौलं किंवा पत्रे. भिंती शेवटी. म्हणून ठरवून, रिकामं करून पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात संसार दिसत नाही. भांडं नाही, गादी नाही, पोराचं दप्तर नाही. जिथं हे सगळं स्लॅबखाली चेपलेलं दिसतं, तिथं घर नांदतं असताना अचानक पडलेलं असतं. इथपर्यंत फोटो बोलतो. पण अचानक म्हणजे कशानं? भूकंपानं, बॉम्बनं, सिलिंडरनं, की सळईत आणि सिमेंटात कुणी पैसे खाल्ले म्हणून?

महाडची तारिक गार्डन आठवते का? ऑगस्ट २०२०. पाच मजली इमारत. ना युद्ध, ना भूकंप, संध्याकाळच्या वेळी नुसती खाली बसली. त्या ढिगाऱ्याचा आजूबाजूचा भाग कापून कुणी मला "हे बैरूत" म्हणून दाखवला असता, तर नुसत्या ढिगाऱ्यावरून मलाही नाही म्हणता आलं नसतं. तुटका स्लॅब, वाकडी सळई, राखाडी धूळ. सिमेंटला देश नसतो.

काही खुणा असतात, नाही असं नाही. भूकंपात दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखे तिरपे तडे जातात. खाली नुसत्या कॉलमांवर पार्किंग असलेल्या इमारतीचा तळमजला चिरडतो आणि वरचे मजले तसेच्या तसे खाली येतात. शिवाय भूकंप एखादंच घर निवडून पाडत नाही, आसपास सगळीकडे कमीजास्त हललेलं दिसतं. स्फोटात शेजारच्या इमारतींच्या काचा गेलेल्या असतात, दुकानांची शटरं फुगलेली असतात, गिलाव्यावर छर्रे मारल्यासारखे खळगे असतात. पण गोची अशी की फोटोत बहुतेक वेळा मधला ढिगारा तेवढा घेतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत उरलासुरला शेजारही कापला जातो. पुरावा नेमका त्या शेजारात असतो. म्हणून मी ढिगाऱ्याकडे आधी बघतच नाही. त्याच्या बाजूला काय उभं राहिलंय ते बघतो.

आपल्याला तर हे कळायला हवं. किल्लारी आपल्याच राज्यात झाली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. मी तेव्हा शाळेत होतो, पण पेपरात आलेले फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत. त्यातला एखादा फोटो आज उचलून "सीरियातलं बॉम्बहल्ल्यातलं गाव" म्हणून टाकला तर किती जण ओळखतील? तसा कुणी टाकला, तर किल्लारीच्या माणसाला काय वाटेल याचाही विचार करा. त्याची मेलेली माणसं कुणीतरी दुसऱ्याच भांडणात वापरली, असं.

हे काल्पनिक नाही बरं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटचा हवाई हल्ला झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून "मारले गेलेले अतिरेकी" आणि "उद्ध्वस्त तळ" म्हणून फोटो फिरायला लागले. त्यातले काही ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपातले निघाले. त्या भूकंपात बालाकोट शहर खरंच भुईसपाट झालं होतं, हजारो कुटुंबं गाडली गेली होती. म्हणजे भूकंपात मेलेले सामान्य लोक आपण अतिरेकी म्हणून मोजले आणि वर पेढे वाटले. हल्ल्यात तिथं काय पडलं आणि काय नाही पडलं, हा वाद उपग्रहाच्या चित्रांवर जगभर झाला. तो वाद तिथंच व्हायला हवा होता. जे काही झालं असेल त्याला चौदा वर्षांपूर्वीच्या प्रेतांचा आधार लागत नव्हता. आपल्या वायुदलानं काही ते फोटो पाठवले नव्हते. पाठवणारे आपणच, चहा पिता पिता.

आता गेल्या वर्षीचा म्हणजे मे २०२५ चा विषय. तो साताऱ्याच्या माणसाला तरी हसण्यावारी नेता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात गावागावातनं पोरं फौजेत आहेत. ७ मे ते १० मे हे चार दिवस इथं किती घरांत चूल धड पेटली नाही, ते ज्याचं त्याला माहीत. आमच्या आळीतल्या एका काकूंचा धाकटा मुलगा तेव्हा राजौरीकडे होता. दोन दिवस फोन नाही. अशात गावच्या ग्रुपवर एक फोटो पडला. पाच-सहा मजली इमारत जमीनदोस्त, आणि खाली मजकूर, "राजौरीत आपल्या क्वार्टर्सवर हल्ला, पुढे पाठवा." काकूंना तो त्यांच्या पुतणीनं दाखवला. पुढचं सांगत नाही, कल्पना करा.

त्या फोटोत उजव्या कोपऱ्यात दुकानाची अर्धी पाटी होती. लिपी अरबी. उर्दूची लिपी तशीच दिसते, म्हणून नुसत्या लिपीवर मी थांबलो नाही. पण मागच्या इमारती बघा ना. दाटीनं उभ्या सहा-सात मजली इमारती, सगळीकडे सपाट गच्ची, आणि मागं कुठंही डोंगर नाही. राजौरीत डोंगर दिसणार नाही असा फोटो काढायला कष्ट घ्यावे लागतील. मग फोटो उलटा शोधला, म्हणजे फोटोच टाकून इंटरनेटवर तो आधी कुठं आलाय ते बघितलं. हे मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, चहा उकळायला जास्त वेळ लागतो. ऑक्टोबर २०२३ चा गाझाचा फोटो निघाला. काकूंच्या घरी जाऊन दाखवलं. मग ज्यानं टाकला होता त्याला फोन केला. नाव सांगत नाही, ग्रुपवर सगळे ओळखतात. त्याचं उत्तर: "मला आलं ते मी पाठवलं, सावध करायला." कुणाला सावध करायला, गड्या? त्या माउलीला?

तो एकटा नव्हता. त्या चार दिवसांत हजिरा बंदरावर हल्ला म्हणून जो व्हिडिओ फिरला तो जुलै २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा होता, सरकारच्या पीआयबीनंच तसं जाहीर केलं. पाकिस्तानचा भारतावर हल्ला म्हणून फिरलेला एक व्हिडिओ ऑगस्ट २०२० मधल्या बैरूत बंदराच्या स्फोटाचा होता. कराची बंदर पेटलं म्हणून आपल्या काही वाहिन्या रात्रभर ओरडल्या, आणि त्यासोबत जी दृश्यं लोकांनी फिरवली त्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विमान अपघाताचीही होती. सीमेच्या दोन्ही बाजूंनी हाच धंदा. त्यांनी आपली शहरं कागदावर जाळली, आपण त्यांची.

आणि खरी पडलेली घरं कुठं होती? पूंछमध्ये. उरीमध्ये. ७ मेपासून तोफगोळे पूंछ शहराच्या वस्तीत पडले, पूंछ जिल्ह्यात डझनभर नागरिक मेले, पोरं मेली, गुरुद्वाऱ्यावर गोळा पडला, घरांची छपरं गेली. ती माणसं आपली. ते पत्रे, त्या भिंती आपल्या देशातल्या. त्यांचे खरे फोटो, तारखेसह, ठिकाणासह, पत्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले, तेव्हाच उपलब्ध होते. आमच्या ग्रुपवर त्या चार दिवसांत पूंछमधल्या एकाही घराचा फोटो आला नाही. गाझाचा आला, बैरूतचा आला, व्हिडिओ गेममधली विमानं आली. पूंछचा नाही. का? कारण तो बघून छाती फुगत नाही, पोटात खड्डा पडतो. मला राग आहे तो याचा.

"म्हणूनच तर आम्ही म्हणतो, सगळे फोटो फेक!" अशी कमेंट टाकायला तुमची बोटं शिवशिवत असतील. थांबा. आता तुमच्याकडेच येतोय.

हे लोक एक प्रसंग नेहमी पुढे करतात, तो पूर्ण सांगतो, कारण ते अर्धाच सांगतात. २००६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात ३४ दिवस युद्ध झालं. बैरूतच्या दक्षिणेकडची दाहिया नावाची दाट वस्ती इस्रायली विमानांनी फोडली. ५ ऑगस्टला रॉयटर्सनं बैरूतवर उठणाऱ्या धुराचा एक फोटो दिला, काढणारा अदनान हज. अमेरिकेतल्या एका ब्लॉगवाल्यानं तो निरखून बघितला तर धुराचे गोळे एकसारखे, एकाखाली एक छापल्यासारखे. फोटोशॉपमध्ये धुराचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा चिकटवलेला. रॉयटर्सनं फोटो मागे घेतला. मग त्याचाच दुसरा फोटो सापडला. इस्रायली विमानातून सुटलेला एकच फ्लेअर होता, त्याचे तीन करून खाली "क्षेपणास्त्रं" लिहिलं होतं. रॉयटर्सनं त्याचं काम थांबवलं आणि त्याचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

बरोबर केलं. ज्याला धूर कमी वाटतो त्यानं कॅमेरा खाली ठेवावा. पण प्रश्न विचारा की, त्या फोटोतला धूर खोटा होता तर धुराखालची आग खोटी होती का? नव्हती. त्याच वस्तीचे इतर एजन्सींच्या, इतर देशांच्या फोटोग्राफरांनी काढलेले फोटो होते, उपग्रहाची आधीची आणि नंतरची चित्रं होती, युद्ध थांबल्यावर तिथं जाऊन आलेले लोक होते. खऱ्या आगीवर खोटा धूर चढवून त्या माणसानं सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं केलं असेल, तर दाहियात ज्यांची घरं पडली त्यांचं. पुढची कित्येक वर्षं लेबनॉनमधला कुठलाही फोटो दाखवला की समोरचा म्हणायचा, "तो धुराचा फोटो आठवतोय ना?" विषय संपला.

त्याच युद्धात आणखी एक भानगड गाजली, आणि माझ्या मते ती जास्त शिकण्यासारखी आहे. दोन वेगवेगळ्या एजन्सींचे, साधारण दोन आठवड्यांच्या अंतरानं आलेले दोन फोटो. दोन्हीत ढिगाऱ्यासमोर आक्रोश करणारी बाई, आणि दोन्हीतली बाई एकच दिसते. ओळींत दोन्हीकडे तिच्या पडलेल्या घराचा उल्लेख. लगेच टिंगल सुरू झाली. हिची किती घरं? भाड्यानं रडणारी आहे का?

आता डोकं शांत ठेवून बघू. एक बाई दोन तारखांना दोन फोटोंत दिसली, यानं काय सिद्ध होतं? ती दोनदा तिथं गेली. बस. ज्याचं घर पडलंय तो माणूस तिथं परत परत जातो. आपल्याकडे २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे पडझड झालेल्या घरांची कामं केली, तेव्हा एकेक म्हातारी रोज येऊन त्याच दगडावर बसायची. काहीतरी सापडेल म्हणून यायची, आणि नाही सापडलं तरी यायची. फोटोग्राफरही युद्धात त्याच वस्तीत रोज फिरतात, जिथं जाता येतं तिथंच जातात. हां, दोन फोटोंतला ढिगारा दोन वेगळ्या इमारतींचा असेल आणि दोन्हींखाली "तिचं घर" असं असेल, तर एक ओळ नक्की चुकीची. मग जाब विचारायचा तो ओळ लिहिणाऱ्याला: हे घर तिचं, असं तुला कुणी सांगितलं? तू विचारलंस का? इमारतींची तुलना कर, पत्ता शोध, शेजाऱ्याला विचार. हे काम न करता "नटी आहे" म्हणणं आणि हे काम न करता "तिचं घर" लिहिणं, यात मला फरक दिसत नाही. आणि समजा ओळ चुकलीच, तरी मागचा ढिगारा काही थर्माकोलचा होत नाही.

ओळ चुकली की डोळ्यासमोरचा खरा फोटोसुद्धा कसा उलटा वाचला जातो, याचं याच युद्धातलं उदाहरण आहे. १५ ऑगस्ट २००६, युद्ध थांबल्याचा दुसरा दिवस. स्पेन्सर प्लाट या अमेरिकी फोटोग्राफरनं दाहियात एक फोटो काढला. मागं पडक्या इमारती, पुढं छप्पर उघडलेली लाल मोटार, आत गॉगल, घट्ट टी-शर्ट घातलेल्या तरण्या पोरी, एक मोबाईलनं फोटो काढतेय. या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला. जगानं बघितलं आणि ठरवलं: श्रीमंतांची बिनकाळजाची पोरं, गरिबांचे हाल बघायला सहलीला आलीत. नंतर पत्रकारांनी त्या मुलांना शोधून काढलं. त्यांच्यातली काही त्याच भागातली राहणारी निघाली. बॉम्ब पडायला लागल्यावर घर सोडून गेलेली, आणि युद्ध थांबल्याबरोबर आपलं घर उभं आहे का ते बघायला आलेली. फोटोत एक बिंदूसुद्धा बदललेला नव्हता. जागा खरी, तारीख खरी, पडझड खरी. खोटं जे होतं ते बघणाऱ्यांच्या डोक्यात होतं. घर पडलेल्या माणसानं फाटके कपडेच घालावेत असं आपण ठरवून ठेवलेलं असतं.

आणि खऱ्याला खोटं ठरवण्याची कथा हवी असेल तर युक्रेन घ्या. २४ फेब्रुवारी २०२२, रशियाच्या हल्ल्याचा पहिलाच दिवस. खारकिव्हजवळच्या चुहुइव्ह शहरात राहत्या इमारतींवर मारा झाला. डोक्याला पट्टी बांधलेल्या, चेहरा रक्तानं माखलेल्या एका शिक्षिकेचा फोटो जगभर पहिल्या पानांवर आला. काही तासांत आवाज उठला: हा फोटो जुना आहे, २०१८ मधल्या रशियातल्या मॅग्निटोगोर्स्कच्या गॅस स्फोटाचा आहे. बाई नटी आहे, रक्त रंगाचं आहे. तपासणाऱ्यांनी तपासलं. एकाहून जास्त फोटोग्राफरांनी त्याच दिवशी, त्याच इमारतींपुढे, त्याच बाईचे फोटो काढलेले होते. २०१८ चा म्हणून कुणी मूळ फोटो दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नव्हतं. पण "जुना आहे" हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! जो ऐकतो त्यालाही वाटतं, आपण फसलो नाही. त्याच शब्दानं तो फसलेला असतो.

हे काही मोबाईल आल्यापासून सुरू झालेलं नाही. स्पेनच्या यादवी युद्धात २६ एप्रिल १९३७ ला गर्निका नावाचं बाजाराचं गाव जर्मन आणि इटालियन विमानांनी जाळलं. फ्रँकोच्या बाजूनं लगेच सांगितलं, विमानं नव्हतीच, पळून जाणाऱ्या लाल फौजांनी गाव स्वतःच पेटवलं. गाव जळालंय हे तर कुणालाच नाकारता येत नव्हतं. पडक्या भिंतींचे फोटो होतेच. वाद "कुणी" यावर होता, आणि त्या भिंती त्याचं उत्तर देऊ शकत नव्हत्या. उत्तर दिलं ते जॉर्ज स्टीअर नावाच्या वार्ताहरानं, रात्रीच गावात जाऊन, वाचलेल्या माणसांशी बोलून, आग लावणाऱ्या बॉम्बच्या नळकांड्यांवरच्या जर्मन खुणा नोंदवून. तरी जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी वाचलेल्यांपुढे उघड कबुली द्यायला १९९७ साल उजाडलं. साठ वर्षं ती माणसं आपल्याच घराला आपण आग लावली नाही, हे सांगत बसली. "त्यांनी स्वतःच केलं असेल" असं सहज लिहिताना हे जरा आठवत जा.

आता गाझा. माझ्या भिंतीवर सगळ्यात जास्त शिवीगाळ याच विषयावर होते. गाझाचे म्हणून फिरवलेले काही फोटो सीरियातले निघाले, काही एआयचे निघाले. निघालेच, मी नाकारत नाही, जे सापडले ते मीच इथं दाखवलेत. पण त्यावरून "गाझात काही झालंच नाही, सगळा सिनेमा आहे" म्हणणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या उपग्रह केंद्राचं, युनोसॅटचं काम बघावं. ते एकेका इमारतीची आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून मोजतात. सप्टेंबर २०२४ च्या त्यांच्या मोजणीत गाझातल्या सुमारे दोन तृतीयांश इमारतींना नुकसान झालेलं होतं. याशिवाय अमेरिकेतले विद्यापीठांचे संशोधक युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या रडारवरून वेगळ्या पद्धतीनं मोजत होते. रडारला ढग, अंधार, धूर यांनी फरक पडत नाही. जमिनीवरून परत येणारा प्रतिध्वनी आधी जसा होता तसा राहिला नाही की कळतं, तिथलं बांधकाम हललंय. त्यात रडणारी बाई नाही, धूर नाही, ओळ नाही. एखादा फोटो खोटा निघाला म्हणून ती मोजणी पुसली जात नाही.

पण गाझाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही सुनावतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. मे २०२४ मध्ये रफाहमधल्या तंबूंच्या छावणीवर हल्ला झाला, माणसं जळून मेली. त्यानंतर जगानं शेअर काय केलं? एआयनं बनवलेलं चित्र. लांबच लांब स्वच्छ तंबूंच्या रांगा, मागं बर्फाचे वाटावेत असे डोंगर. इन्स्टाग्रामवर चार कोटींहून जास्त लोकांनी ते लावलं. तिथल्या फोटोग्राफरांनी काढलेले खरे फोटो होते, ते नको होते, कारण ते बघवत नाहीत. मग समोरचा म्हणणारच की, तुमचं चित्रच खोटं, तर तुमची गोष्ट तरी खरी कशी? हे हत्यार त्याच्या हातात आपणच दिलं.

आणि नवीन खूळ म्हणजे मशीनला विचारायचं, "हे खरं का?" ऑगस्ट २०२५ मध्ये गाझातल्या उपाशी मुलीचा एएफपीच्या फोटोग्राफरनं काढलेला ताजा फोटो लोकांनी ग्रोकला दाखवला. ग्रोकनं ठासून सांगितलं, हा २०१८ मधला येमेनचा. साफ चुकीचं. पण लोकांनी ते वाक्य पुरावा म्हणून फिरवलं, आणि ज्यांनी खरा फोटो लावला त्यांनाच खोटं ठरवलं. पाया खणताना मी माती बघतो, "मातीबद्दल काय वाटतं" म्हणून रस्त्यावरच्या माणसाला विचारत नाही. इथं तर त्याहून वाईट आहे, रस्त्यावरचा माणूस निदान "माहीत नाही बुवा" तरी म्हणतो.

बरं, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो आला की कॅमेऱ्यानं त्यात लिहून ठेवलेली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. त्यामुळे "मूळ फाईल बघून सांगतो" म्हणणारे उगाच हवा करतात. जे करता येतं ते साधं आहे. फोटो उलटा शोधा. सगळ्यात जुना कुठं आलाय ते बघा, कारण आजच्या हल्ल्याचा फोटो कालपरवाच्या तारखेला असू शकत नाही. पाट्या वाचा, गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, मिनार, पाण्याच्या टाक्या, मागचे डोंगर उपग्रहाच्या नकाशावर जुळतात का ते बघा. फोटो काढणाऱ्याचं नाव शोधा. नाव असलं की जाब विचारता येतो, अदनान हजलाही नाव होतं म्हणूनच पकडता आलं. आणि यातलं काही जमलं नाही तर फोटो टाकू नका. जग थांबत नाही.

"खरंच हल्ला झाला असेल आणि मी पाठवायचं थांबलो तर?" असं एकानं मागच्या वेळी विचारलं होतं. तर काही होत नाही, दादा. राजौरीतल्या माणसाला आपल्यावर गोळा पडला हे साताऱ्याच्या ग्रुपवरून कळत नाही.

मी आमच्या गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, त्यामुळे आता नियम सांगतो. युद्धाचा, पडझडीचा फोटो टाकताना ठिकाण, तारीख आणि फोटो कुणाचा, हे तिन्ही लिहायचं. नसेल तर मी काढणार. दुसऱ्याच्या फोटोला "फेक" म्हणायचं असेल तर मूळ फोटो कुठला, त्याची लिंक द्यायची. नसेल तर ती कमेंटही काढणार, मग ती टाकणारा माझा सख्खा मेव्हणा का असेना. दोनदा झालं तर ग्रुपमधनं बाहेर. पूंछ, उरीच्या ज्या घरांचे खरे फोटो मिळाले, ते काढणाऱ्यांच्या नावांसह खाली पहिल्या कमेंटमध्ये लावलेत, तेवढे उघडून बघा. शिव्या घालायच्या असतील तर फोन करा, दुपारी दोनपर्यंत साईटवर असतो, त्यानंतर उचलतो.